ताईसाठी एक पुस्तक

मासिकासाठी साचलेले सहा पुस्तकांचे अभिप्राय आज दुपारी मी एका बैठकीत उरकले. गठ्ठ्यात एक कवितासंग्रह होता, एका डॉक्टरांचं आत्मचरित्र, गडवाटांवरचं एक, लोणच्यांवरचं एक आणि दोन कादंबऱ्या. चार दिवस राहायला आलेली माझी थोरली बहीण संध्याकाळी मिरजेला परत निघाली होती. पिशवी भरता भरता ती म्हणाली, "गाडीत वाचायला यातलं एखादं चांगलं दे रे."

मी गठ्ठ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. पाच अभिप्रायांत मी 'भाषा ओघवती आहे' असं लिहिलं होतं, लोणच्यांनाही त्यातून सोडलं नव्हतं. मुखपृष्ठं तर सगळीच समर्पक होती. ही पुस्तकं मी खरंच वाचली होती का? पानांवर माझ्याच चहाचे डाग होते. पण कपाने डाग पाडायला वाचावं थोडंच लागतं?

ताईने टेबलावरचे कागद चाळले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पाच पुस्तकांना संग्राह्य म्हटलंयस. मग अडलंय कुठे?"

दुसऱ्या कादंबरीला मात्र मी झोडपलं होतं. तिच्या समासात शेवटच्या पानापर्यंत माझ्या पेन्सिलीने भांडण मांडलं होतं. तीच काढून मी ताईच्या हातात दिली.

"वाचून झाली की आठवणीने परत पाठव," मी म्हणालो.

बाकीच्या पाचांतलं कुठलंही तिने ठेवून घेतलं असतं, तर माझ्या लक्षातही आलं नसतं.