मधोमध घातलेला कप्पा

ऑफिसात सगळे तिला माई म्हणत, कारण नव्या लोकांच्या चुकांवर ती आधी चिडे आणि मग त्या स्वतःच निस्तरून देई. कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो लिहिणं हे तिचं काम. नवी आवृत्ती बाहेर पडायच्या तोंडावर तिने त्या गाभ्यातल्या एका रचनेत नवा कप्पा घातला. शेवटी नाही, मधोमध. त्याने काम जरा वेगात होई. सगळ्या चाचण्या पास झाल्या, साहेबांनी पाठ थोपटली.

सोमवारी दुपारी चाचणी विभागातले गृहस्थ तिच्या टेबलापाशी आले. सगळ्यात खोट काढतात म्हणून त्यांचं नाव पडलं होतं शंकासुर.

"माई, हा फोटो बघा जरा. नव्या आवृत्तीवर डिस्कवर साठवून परत उघडलाय."

फोटोत वर एका बाईचे डोळे होते आणि नाकाखाली कुणा भलत्याच माणसाची मिशी. शेजारचे दोघे खो खो हसले. माईने मात्र फोटो जवळ ओढला.

"या डिस्कचा ड्रायव्हर आपण बांधलाय की डिस्कच्या कंपनीने तयार दिलाय?"

"तयार दिलाय. जुनाच आहे."

 डिस्क चालवणाऱ्या त्या तयार प्रोग्रामला, म्हणजे ड्रायव्हरला, नव्या कप्प्याचा पत्ताच नव्हता. कप्पा मधोमध घातल्याने पुढचे सगळे कप्पे सरकले होते; ड्रायव्हर मात्र जुन्याच हिशोबाने हात घालत होता आणि हाताला येईल ते खरं मानत होता. मशीन बंद पडतं तर बरं झालं असतं. ते निमूटपणे एकाची माहिती दुसऱ्याच्या जागी लिहीत होतं.

आणि नव्या आवृत्तीची आगाऊ प्रत एका ठिकाणी गेली होती. तिची नणंद काम करायची त्या रक्तपेढीत. माईनेच आग्रह करून दिली होती, आणि तिथल्या मशीनमध्येही हीच डिस्क होती.

तिने नणंदेला फोन लावला. "वन्सं, ते नवं मशीन आत्ताच्या आत्ता बंद करा."

"अगं वहिनी, सकाळपासून पिशव्यांच्या नोंदी त्याच्यावरच चालल्यात. झालं काय?"

"नोंदी एकमेकींत मिसळल्या असतील. रक्तगटसुद्धा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग नणंद कुणावर तरी ओरडली, "फ्रीजला कुलूप लावा! एकही पिशवी बाहेर जाता कामा नये!" आणि फोनवर, अगदी हळू: "दोन गेल्यात गं. ऑपरेशनला."

फोन कटला. माई साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

"साहेब, रिलीज थांबवा."

"चाचण्या तर पास झाल्यात ना?"

"आपल्या कोडच्या झाल्या. बाहेरचा ड्रायव्हर मी तपासलाच नाही. चूक माझी आहे."

साहेबांनी डोक्याला हात लावला, पण रिलीज थांबवली.

मग माई जिन्यात जाऊन बसली.  ज्यांची नावंही ठाऊक नाहीत अशी दोन माणसं तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. फोन वाजला तेव्हा तो कानाला लावायचा धीर होईना.

"एक चढवून झाली होती," नणंद म्हणाली. "तिचा गट बरोबर निघाला. दुसरी थिएटरच्या दारातून परत आणली." आणि मग: "ती चुकीची होती, वहिनी."

माई भिंतीला टेकून लहान मुलासारखी रडली.

नवा कप्पा काढून टाकला, आवृत्ती उशिरा का होईना बाहेर पडली. रक्तपेढीत प्रत्येक पिशवी पुन्हा हाताने तपासली गेली. माईची नोकरी शाबूत राहिली. नणंद मात्र बरेच दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलत होती, आणि माईनेही त्याचं वाईट वाटून घेतलं नाही.