जूनमध्ये न पाहिलेलं फूल

नवीन माणूस भेटला की आपण विचारतो, "मूळचे कुठले तुम्ही?" बोरकर काका विचारायचे, "राज्याचा पक्षी पाहिला का?"

मला हा प्रश्न त्यांनी २००२ सालच्या गणपतीत विचारला. अमेरिकेत, ईडन प्रेरीत येऊन आम्हाला वर्ष होत आलं होतं. एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्यानं घेऊन मराठी मंडळींनी गणपती बसवला होता आणि मी जेवणाच्या टेबलापाशी कागद घेऊन कुणी काय आणलं त्यावर खुणा करत होते. ते काम मला कुणी दिलं नव्हतं, मीच ओढून घेतलं होतं. एक उंच, काटक गृहस्थ मोठं पातेलं घेऊन समोर उभे राहिले.

"कुठला पक्षी?" मी विचारलं.

"आपल्या मिनेसोटाचा. लून. तो राहू दे, हे काय आहे ते सांग." त्यांनी झाकण काढलं. आत काळी खिचडी होती.

"लागली का हो खाली?"

"लागली नाही बाप्पा! वाइल्ड राइस आहे हा. राज्याचं धान्य. तळ्यात उगवते. इथले मूळचे ओजिब्वे लोक होडीत बसून काठीनं झोडपून काढतात. नाव राइस, पण हे तांदूळ नाही, गवताचं बी आहे. लिही तुझ्या यादीत."

मी लिहिलं, 'खिचडी, काळी'. त्यांनी वाकून ते वाचलं, मोठ्यानं हसले, आणि त्या दिवसापासून मी त्यांची यादीबाई झाले. ती खिचडी मी सोडून कुणी खाल्ली नाही. त्यांच्या पत्नी, मंदाकाकू, माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "संपवलीस? धन्य आहेस. माझ्या घरात हे तीस वर्षं चालू आहे."

काका तुमसरचे. वडील तिथल्या मँगनीजच्या खाणीत नोकरीला. स्वतः खाण-इंजिनियर होऊन ते साठच्या दशकात इथं आले ते थेट राज्याच्या उत्तर टोकाला, लोखंडाच्या पट्ट्यात. तिथल्या लाल खड्ड्यांबद्दल ते असे बोलायचे की जणू एखाद्या थोर चुलत्याबद्दल सांगताहेत. दोन महायुद्धांच्या तोफा आणि जहाजं या खड्ड्यांतल्या लोखंडावर निघाली. चांगला कस संपला तेव्हा लोकांनी कठीण खडक दळून त्याचं पीठ केलं, चुंबकानं लोखंड वेगळं काढलं आणि त्याच्या गोट्या वळल्या. अशी एक गोटी त्यांनी माझ्या ईशाच्या हातावर ठेवली होती. "आमच्या तुमसरले मँगनीज, इथं लोखंड," ते तिला म्हणाले. "पोलाद व्हायले दोन्ही लागते." ईशा तेव्हा आठ वर्षांची. तिनं गोटी टेबलावर गडगडवून पाहिली आणि विचारलं, "कॅन आय कीप इट?"

पुढे खाणी मंदावल्या, माणसं कमी केली गेली, तेव्हा बोरकर कुटुंब खाली मिनियापोलिसच्या बाजूला आलं. पण काकांचं मन तिकडंच राहिलं. जानेवारीत आमच्यासारखे लोक गाडीचा हीटर लावून कण्हत बसायचे, तर ते म्हणायचे, "ही काय थंडी आहे का? थंडी उत्तरेले."

त्यांच्या फ्रिजवर एक जुना वहीचा कागद लावलेला असायचा. कडा पिवळ्या पडलेल्या, मध्ये चिकटपट्टीनं जोडलेला. इथं आल्या आल्या मंदाकाकूंनी रस्त्याच्या नकाशामागे छापलेली राज्याची चिन्हं मराठीत उतरवून काढली होती, आणि सरकारनं पुढे जी नवी ठरवली ती खाली वाढवत नेली होती. पक्षी, मासा, झाड, धान्य, रत्न, फूल, अळंबी, फुलपाखरू, पेय. पुढे दोन रकाने: 'वि.' म्हणजे विश्वनाथ, 'मं.' म्हणजे मंदा. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खूण करायची नाही, एकानं दुसऱ्याची तर मुळीच नाही, हा काकूंचा नियम. पेय दूध असल्यामुळे ती खूण ओळ लिहिली त्याच सकाळी झाली. वॉलाय मासा काकूंनी गोठलेल्या तळ्यावर, बर्फाला भोक पाडून, पाचवारीवर जाड कोट घालून स्वतः धरला होता. त्याचं कालवण केलं, मग खूण केली. लूनची हाक ऐकून त्या रडल्या होत्या, असं काका सांगायचे. काकू म्हणायच्या, "रडले नाही. तळ्यापलीकडून कुणी हाका मारतंय असं वाटलं, म्हणून उठून उभी राहिले फक्त."

मी याद्यांवर जगणारी बाई. तो कागद पाहिल्यावर माझी नजर आधी रिकाम्या चौकोनाकडे गेली. सगळ्या ओळींवर दोन-दोन खुणा होत्या. एका ओळीवर एकही नव्हती: फूल.

"राज्याचं फूलच कसं राहिलं?" मी विचारलं.

"जून," काका म्हणाले.

लेडीज स्लिपर नावाचं ते रानफूल, पांढऱ्या पाकळ्या आणि खाली गुलाबी पिशवी, तान्ह्या बाळाच्या मोज्याएवढी. दलदलीत येतं. बी पडल्यापासून पहिलं फूल यायला कधी कधी पंधरा-सोळा वर्षं लागतात. तोडायला कायद्यानं बंदी. आणि फुलतं जूनच्या उत्तरार्धात, फार तर जुलै लागेपर्यंत. जूनमध्ये मुलांच्या शाळा सुटल्या की बोरकर नागपूरच्या वाटेला लागायचे.

"दर वर्षी थोडंच जात असाल?" मी म्हटलं.

"ज्या वर्षी आम्ही गेलो नाही, त्या वर्षी तिकडून कोणी ना कोणी आलं," काका म्हणाले. "मग त्यांना नायगारा दाखवा!"

"सहा वेळा पाहिला मी नायगारा," काकू म्हणाल्या. "धबधब्यानं ओळख द्यायला हवी आता. जाऊ पुढल्या जूनला."

हे 'पुढल्या जूनला' दोघं एका सुरात म्हणायचे. त्यात खंत नसायची. जून काय, दर वर्षी येतोच.

मंदाकाकू २००४च्या फेब्रुवारीत गेल्या. दोनच आठवड्यांचं आजारपण. नंतर मी डबा घेऊन गेले तेव्हा काका फ्रिजसमोर उभे होते. डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्यांचं गाडी चालवणं त्याच हिवाळ्यात बंद झालं होतं. मी डबा ठेवला आणि म्हणाले, "काका, पुढच्या जूनमध्ये मी नेते तुम्हाला. लिहून ठेवते." आणि खरंच लिहून ठेवलं.

माझ्या यादीत कुठलीही ओळ महिन्यापेक्षा जास्त टिकत नाही. ही चार वर्षं टिकली. त्या वर्षीच्या जूनची पुण्याची तिकिटं आधीच काढलेली होती. पुढच्या जूनमध्ये नणंदेचं लग्न. त्याच्या पुढच्या वर्षी माझे आईवडील आले, आणि आम्ही त्यांना घेऊन नायगाराला गेलो. तिथून मी काकांना फोन केला, तर पलीकडून हसण्याचाच आवाज. "यादीबाई, काकूचा नमस्कार सांग त्या धबधब्याले!" मी हसले आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ कठड्याला धरून उभी राहिले. चौथ्या वर्षी बाबांचं ऑपरेशन, पुन्हा पुणे. काकांनी एकदाही आठवण करून दिली नाही. फक्त प्रत्येक वेळी परतल्यावर विचारायचे, "कसा होता जून?"

२००८मध्ये राज्याला दीडशे वर्षं झाली आणि त्याच वसंतात काकांचं घर विकलं गेलं. मुलगी टेक्ससमध्ये प्लेनोला होती, तिच्याकडे जुलैत कायमचं जायचं ठरलं. आता पुढचा जून नव्हता. आमची पुण्याची तिकिटं जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली. मी दुसऱ्या आठवड्यातला शनिवार धरला, सँडविच बांधली, काकांची औषधं तपासली आणि सकाळी सहाला त्यांच्या दारात गाडी उभी केली. ते बाहेरच थांबले होते. फ्रिजवरचा कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून छातीशी धरलेला.

चार तास उत्तरेला. शेतं संपली, पाइन सुरू झाले, आणि मग दोन्ही बाजूंना काळं पाणी असलेला तो रस्ता आला. काका म्हणाले, "हळू." खंदकाच्या कडेनं रुंद, शिरा असलेल्या पानांचे झुबके उभे होते. मी गाडी थांबवली. ते उतरले, माझा खांदा धरून ओल्या गवतात गुडघ्यावर बसले आणि चेहरा पानांच्या अगदी जवळ नेला.

हिरव्या कळ्या. मिटलेल्या. त्या वर्षी थंडी लांबली होती, बर्फ एप्रिलपर्यंत पडत होतं, हे मला माहीत होतं. माझ्या यादीत फक्त ते धरलेलं नव्हतं.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"आठ. दहा." त्यांनी एका कळीला बोट न लावता ओंजळ धरली. "घरात आहे बाप्पा. दार उघडायचं आहे."

रस्त्यालगत सहा खोल्यांचं एक मोटेल होतं. तिथं आम्ही कॉफी प्यायला थांबलो. मालकीणबाई, आइली, सत्तरीच्या, फिनलंडहून आलेल्या खाणकामगाराची नात. काकांनी खाणीचं नाव काढताच दोघांची जुन्या मुकादमांवर चर्चा सुरू झाली. मी बिल देऊन आले तेव्हा काकांच्या हातात खोलीची किल्ली होती.

"तू जा," ते म्हणाले. "मी थांबतो."

"काका, असं कसं? नीट दिसत नाही तुम्हाला. जेवणाचं काय? आणि मी पुढच्या शनिवारी भारतात!"

"म्हणूनच तर थांबतो. आतापर्यंत फूल यायच्या आधी आम्हीच निघून जाऊन राहिलो दर वेळी. आइलीबाई रोज सकाळी टपाल आणायले त्याच रस्त्यानं जाते, मले सोडीन. दिसायचं म्हणशील, तर गुलाबी अजून दिसते मले. पुढल्या वर्षी दिसणार नाही."

मी गाडीतून वही काढली आणि यादी केली: गोळ्या कधी, थेंब कधी, फोन कुणाला. ती खोलीतल्या छोट्या फ्रिजवर चिकटवली. काका म्हणाले, "आता घरासारखं वाटते." निघताना आरशात पाहिलं, तर ते दारापुढच्या लोखंडी खुर्चीत बसले होते, रस्त्याकडे तोंड करून, पाहुणा यायचा असल्यासारखे.

पुण्याला पोचल्याच्या चौथ्या संध्याकाळी फोन वाजला. तिकडे सकाळ होती. मागे गाडीचं इंजिन चालू होतं.

"आली," ते म्हणाले.

"आली? कशी आहेत, काका?"

"अवो, एक-दोन नाही, खंदक भरला आहे! आइलीबाई म्हणते, उठा आता, माझं टपाल राहिलं." मग प्लास्टिकच्या पाकिटाची सळसळ ऐकू आली. "मी माझी खूण केली," ते म्हणाले. "मंदाची नाही केली. करावी का?"

आमच्या घरात टीव्ही चालू होता, आई आंबे चिरत होती, ईशा माझ्या मागे काहीतरी मागत होती. मी म्हणाले, "काकूंचा नियम तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचा होता."

आम्ही परतलो तोवर मुलगी येऊन त्यांना प्लेनोला घेऊन गेली होती. मोटेलसमोर गाडीच्या आरशात दिसले, तीच आतापर्यंतची शेवटची भेट. त्यांच्या शेजाऱ्यांकडे माझ्या नावाचं पाकीट ठेवलेलं होतं. आत तो पिवळा कागद. फुलाच्या ओळीत 'वि.'खाली खूण, 'मं.'खाली मोकळी जागा. आणि त्यापुढे पट्टीनं आखलेला, थोडा तिरका गेलेला तिसरा रकाना: 'या.' यादीबाई. धान्यासमोर माझी खूण त्यांनी स्वतः केली होती, काळ्या खिचडीची साक्ष म्हणून. इथं मात्र त्यांनी काकूंचा नियम मोडला होता. फुलासमोर खूण नव्हती, बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'कळी'.

परवा त्यांचा फोन आला. टेक्ससची नवी यादी त्यांनी मुलीकडून लिहून घेतली आहे. "इथलं फूल ब्लूबोनेट. मार्च-एप्रिलमध्ये येऊन जाते म्हणे, आणि मी पोचलो जुलैत! काय करतो, बसलो आहे वाट पाहत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिकडे तळी गोठली का?"

मी म्हणाले, गोठली.

पिवळा कागद आता आमच्या फ्रिजवर आहे. पुढच्या खेपेची भारताची तिकिटं मी डिसेंबरची काढणार आहे. सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "डिसेंबरात आंबे नसतात गं." मी म्हणाले, "हो आई, माहीत आहे." मग नव्या वर्षाची वही उघडली आणि जूनच्या पानावर लिहिलं: इथंच.