सोफ्यातलं बिऱ्हाड

गल्लीत त्याला सगळे कुशनवाला म्हणत. जुन्या सोफ्यांचं कापड सोलायचं, स्प्रिंगा बदलायच्या, नवं कापड ताणून खिळे ठोकायचे, हा त्याचा धंदा. कव्हरं बायको शिवायची, त्याच दुकानात, दाराशी मशीन टाकून. मांजरांशी दोघांचा संबंध गिऱ्हाइकांमार्फत. "मांजरांच्या नखांवर आपली चूल पेटते," असं तो म्हणायचा खरा, पण एखादं दुकानात शिरलं की हातातली पट्टी आपटून हाकलायचा. फोमवर एकदा मुतलं की वास काही केल्या जात नाही.

एका दुपारी एका घरून तिघांच्या बैठकीचा सोफा आला. त्या घरातली म्हातारी गेली होती. मुलीनं घर विकलं होतं, पण आईचा सोफा तिला नवा करून स्वतःच्या फ्लॅटवर न्यायचा होता. टेम्पोतून उतरवताना हमाल म्हणाला, "आत काहीतरी कुईकुई करतंय."

"स्प्रिंगा असतील," कुशनवाला म्हणाला.

सोफा आडवा करून त्यानं तळाचं कापड उसवलं. कोपऱ्यात काथ्याचा गोळा झाला होता आणि त्यात मांजरीची तीन पिल्लं, डोळे नुकतेच उघडलेली, एकमेकांच्या अंगावर चढत होती.

बायको मशीन थांबवून आली. "आई कुठंय यांची?"

"मला काय विचारतेस? मी होतो का बाळंतपणाला?"

तिनं वाटीत दूध आणलं, कापसाची वात बुडवून तोंडाशी धरली. पिल्लं तोंड फिरवत होती. शेवटी त्यानं चिंध्यांची टोपली रिकामी केली, त्यांना त्यात घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं.

"हे दूध नको, पोटं बिघडतील," डॉक्टर म्हणाले. "पावडर देतो. पण जमलं तर आईच शोधा. तिची सर कशाला येणार?"

तसाच तो म्हातारीच्या घरी गेला. मुलगी ओट्याशी भांडी कागदात गुंडाळत होती. टोपलीत डोकावून ती गोंधळली.

"काका, चुकतंय तुमचं काहीतरी. आईला मांजरांचा तिटकारा होता. लहानपणी मी एक आणलं होतं, तर उंबरा ओलांडू दिला नाही तिनं. रडून घर डोक्यावर घेतलं होतं मी."

"सोफा इथूनच आलाय ना, ताई?"

तिनं मागचं दार उघडलं. जिन्याखाली दोन विटांच्या मध्ये पितळी कड्यांचा एक डबा होता, तळाशी दूध वाळून पापुद्रे धरलेला. तिनं तो उचलला, उलटा केला. तळाला कोरलेल्या नावावरून अंगठा फिरवला.

"माझा शाळेचा डबा," ती म्हणाली.

मांजर बाहेरच्या खोलीत सापडली. राखाडी, एक कान चिरलेली. जिथं सोफा होता तिथं फरशीवर चार पायांचे डाग राहिले होते. त्यांच्यामधून ती हुंगत येरझाऱ्या घालत होती. त्यानं टोपली तिथंच ठेवली आणि भिंतीला टेकून बसला. पिल्लांचा आवाज ऐकून ती थबकली, मग टोपलीत शिरली. तिनं एकाची मान तोंडात धरली तेवढ्यात त्यानं वरून कापड टाकलं. दोन्ही मनगटांवर ओरखडे घेऊन तो दुकानात परतला. बायकोनं हळद लावली आणि हसू दाबलं.

पिल्लं मोठी होईपर्यंत बिऱ्हाड दुकानात राहिलं. मांजर फोमच्या ढिगावर चढायची आणि तो पट्टी उचलायचा. काही दिवसांनी पट्टी उचलायचाही कंटाळा आला. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो पिल्लांबद्दल सांगायचा आणि फसवायचा नाही. "सोफा फाडणार. आत्ताच सांगतो, मागाहून भांडायला येऊ नका."

एका बाईंना भुरं पिल्लू आवडलं. "आमच्या पडद्यांना शोभेल," त्या म्हणाल्या. त्यानं ते दिलं नाही. म्हणाला, पडदे हवे तर बायको शिवून देईल. पुढं ते भुरं मेहुणीकडे गेलं. दुसरं कागदाच्या गोदामाच्या पहारेकऱ्यानं उंदरांसाठी नेलं. तिसरं एका शिक्षकाकडे गेलं, आठवड्यात परत आलं, कारण ते गादीवर घाण करायचं. मग डॉक्टरांच्या कंपाउंडरनं ते ठेवून घेतलं.

आईला कोणी विचारेना. थोराड मांजर, त्यात कान फाटका. डॉक्टरांनी तिचं ऑपरेशन तेवढं करून दिलं.

सोफा न्यायला मुलगी आली तेव्हा मांजर कापडांच्या गठ्ठ्यावर झोपली होती. मुलगी बराच वेळ तिच्याकडे बघत उभी राहिली. "हिलाही नेते," ती म्हणाली.

"ताई, सोफा नवा आहे."

"असू दे."

महिनाभरानं तिचा फोन आला. दार उघडं राहिलं आणि मांजर निसटली. तिनं जिने, गाड्यांच्या खालच्या जागा, शेजारच्या इमारतीची गच्ची, सगळं पालथं घातलं होतं. आवाज बसला होता तिचा.

"जुन्या घरी बघून या," बायको नवऱ्याला म्हणाली. "माणसापेक्षा घर धरतं मांजर."

टोपली घेऊन तो जुन्या घरी गेला. दार एका तरुण बाईनं उघडलं. कडेवर मूल होतं. मांजरीचं नाव काढताच ती म्हणाली, "राखाडी ना? परवा आलीये. मागच्या जिन्याखाली ठाण मांडलंय. हाकललं तर जाते आणि परत येते. मग सासरे म्हणाले, राहू दे, आमच्या आधीपासूनची दिसतेय."

मागे तिचे सासरे स्टुलावर पेपर वाचत बसले होते. मांजर पायरीवर पंजा चाटत होती. तिनं कुशनवाल्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पंजा चाटायला घेतला.

"नेताय का?" म्हाताऱ्यानं विचारलं. विचारताना पाय किंचित पुढे सरकवला, मांजर आणि टोपली यांच्या मध्ये.

"तुम्हाला चालत असेल तर राहू द्या."

"तिला चालतंय ना, मग झालं."

तिथूनच त्यानं मुलीला फोन लावला.

"मी काही कमी केलं नव्हतं तिला, काका."

"नाही हो, ताई."

"सोफ्यावरच झोपायची. आई बसायची त्या बाजूला." मग जरा थांबून, "मी कधी बघायला गेले तर चालेल त्यांना?"

"चालेल असं वाटतं. विचारून बघा."

ती गेली की नाही, त्याला कळलं नाही. तिचा फोन पुन्हा आला नाही आणि त्यानंही केला नाही. दुकानात एका दवाखान्याची बाकं येऊन पडली होती, सगळ्यांचं रेक्झिन तडकलेलं. बायकोनं मशीनला तेल दिलं, त्यानं पकड घेतली आणि पहिल्या बाकाचे खिळे उपसायला सुरुवात केली.