उकडलेल्या पालकाचं पाणी

दौंडच्या रेल्वे मैदानाच्या फाटकाशी सकाळी सहा ते आठ चांगदेवचा हिरवा ज्यूस मिळत असे. मिळत असे म्हणजे, चांगदेवच्या अटी मान्य असतील तर. पॉइंट्समन म्हणून चौतीस वर्षं गाड्या बरोबर रुळावर घातलेला हा माणूस निवृत्तीनंतर माणसं रुळावर घालायला बसला होता. त्याचा मुलगा सत्यजीत रांजणगावच्या कंपनीत आहे. एका सुट्टीत त्याने मिक्सर आणून दिला आणि मोबाइलवर स्मूदीचे चार व्हिडिओ दाखवले. मुलगा सोमवारी कामावर गेला आणि विसरला. वडील विसरले नाहीत.

पालक घरामागच्या वाफ्यातला, उजाडायच्या आत खुडलेला, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. पान आधी धुवायचं, मग हाताने तोडायचं. आधी चिरून मग धुणारा माणूस चांगदेवच्या लेखी दरोडेखोर. मिक्सर एका दमात फिरवायचा नाही. तीनदा गुर्र, मध्ये दहापर्यंत मोजायचं, कारण भांडं तापलं की सत्त्व गेलं. पाणी माठातलं, वर लिंबू. एका मास्तरांनी गाळून मागितला तेव्हा चांगदेव शांतपणे म्हणाला, "गाळून पायजे तर चहा प्या की."

सगळ्यात कडक अट पिण्याची. ग्लास हाती आल्यापासून पाच मिनिटांत संपला पाहिजे. "व्हिटॅमिन म्हंजी बिनतिकिटाचा पॅसिंजर," तो सांगे, "गाडी जरा थांबली की उतरून पळतंय." आम्ही फिरायला येणारी मंडळी ग्लास धरून गप्पा मारायला लागलो की तो आमच्याकडे अशा नजरेने बघे, जणू सिग्नल मिळालाय आणि ड्रायव्हर झोपलाय.

निवृत्त गार्ड बबनराव हे त्याचं रोजचं गिऱ्हाईक. वीस वर्षांची शुगर आणि त्याहून जुना आळस. ते म्हणत, "चांगदेवा, बाटलीत भरून दे. घरी निवांत पितो."

"गार्डसाहेब, घरी जाईस्तवर त्यात नुसता रंग उरंल. भिंतीला लावा मंग."

पण दिवसाचा पहिला, सगळ्यात ताजा ग्लास मैदानावर कधी आलाच नाही. तो घरीच, तुळजाबाईंचा. चाळीस वर्षांच्या संसारात चांगदेवने बायकोला शब्दांनी काही सांगितल्याचं कुणाला आठवत नाही. आता जे सांगायचं ते तो मिक्सरमध्ये घाली. "म्हशीनं रवंथ करून दिल्यागत लागतंय," असं म्हणत तुळजाबाई तो पीत, कारण ग्लास रिकामा होईपर्यंत नवरा समोरून हलत नसे.

मग तुळजाबाईंचे पाय सुजले. पुण्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले आणि दोघांना समोर बसवलं. मूत्रपिंडं बरीचशी निकामी झाली होती. डॉक्टर म्हणाले, पथ्य पाळलंत तर डायलिसिसचं मशीन वर्ष-दोन वर्षं लांबेल. नाही पाळलंत तर रक्तात पोटॅशियम वाढेल, आणि ते थेट हृदयावर जातं. हिरवा ज्यूस आजपासून बंद. पालेभाजी क्वचित, तीही बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, आणि ते पाणी टाकून.

तुळजाबाईंनी एकच सांगितलं, "मशीन नगं. माझी थोरली भन त्या मशीनवर गेली. मी बघितलंय."

दोघांनी परतीची गाडी धरली. केडगाव गेल्यावर चांगदेव म्हणाला, "चिरून उकळायचं, वर पाणी टाकायचं. म्हंजी सगळंच टाकायचं की."

"डाक्टर तुमच्यापरीस जास्त शिकल्यात," तुळजाबाई म्हणाल्या.

त्याने पथ्य पाळलं. अगदी वेळापत्रकासारखं. बायकोला उभं राहवत नव्हतं, म्हणून चूल त्याच्याकडे आली. ज्या माणसाने आयुष्यात कोथिंबिरीचा देठ टाकला नाही, तो फळभाज्यांच्या फोडीही उकळून पाणी मोरीत ओतू लागला. ओतताना तोंड दुसरीकडे करी. दीड महिन्याने रिपोर्ट जरा बरे आले. डॉक्टरांनी शाबासकी दिली. ती चांगदेवने मैदानावर आम्हाला तीन वेळा ऐकवली.

त्यानंतर पालकाची पहिली भाजी झाली. पालक चिरला, उकळला, निथळला. पातेल्यात हिरवंगार पाणी उरलं, वाफा येत होत्या. चांगदेव मूळचा राहू गावचा. त्याच्या आईच्या चुलीपुढे पालेभाजीच्या पाण्याने मोरीचं तोंड कधी बघितलं नव्हतं. ते आमटीत जायचं, हा तिथला कायदा. चांगदेवचा हात आपोआप आमटीकडे गेला. डॉक्टरांनी भाजीतलं पाणी काढायला सांगितलं होतं, ते त्याने काढलं. भाजी डॉक्टरांची, आमटी आईची. चौतीस वर्षं सांधे बदलणाऱ्या या माणसाला, दोन्ही रूळ पुढे एकाच पोटात मिळतात, एवढं दिसलं नाही.

पालेभाजी क्वचित म्हणजे किती, हे त्याने स्वतःच ठरवलं. एक दिवसाआड. सगळं पाणी काढल्यावर भीती कसली? असे तीन आठवडे गेले.

एका सकाळी केस विंचरताना तुळजाबाईंचा हात वर जाईना. मग पाय गेले. दौंडात छातीचा कागद, म्हणजे ईसीजी, काढला आणि तिथल्या डॉक्टरांनी पुण्याला न्यायला गाडीच बोलावली. पाचच्या आसपास हवं ते पोटॅशियम सातच्या वर गेलं होतं. ज्या मशीनला त्या नको म्हणत होत्या, त्याच मशीनला त्यांना दुपारपर्यंत जोडलं.

बाहेर डॉक्टरांनी विचारलं, "खाण्यात काय होतं?" चांगदेवने सगळं सांगितलं. काही लपवायचं आहे असं त्याला वाटतच नव्हतं. बारीक चिरतो, दोनदा धुतो, मोठ्या पातेल्यात उकळतो, निथळतो.

"आणि ते पाणी कुठे टाकता?"

"आमटीत."

डॉक्टरांनी हळू आवाजात समजावलं, पालकातलं पोटॅशियम त्या पाण्यातच उतरतं. ओरडले असते तर चांगदेवला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तुळजाबाई शुद्धीवर होत्या. चांगदेव खाटेशी उभा राहिला. "डाक्टर म्हणतोय, मीच घातलं तुझ्या पोटात."

"मला दिसत व्हतं तुमी वतताना."

"मंग बोलली का न्हाईस?"

"समदं पांचट खाऊन खाऊन जीभ मेली व्हती. त्या आमटीला चव लागली." त्यांनी त्याच्याकडे बघितलं. "आन् तुमीबी कवा न्हाई ते शीळ घालत व्हता. म्हनलं, एवढ्याशा पान्यानं काय व्हतंय."

चौथ्या दिवशी पहाटे हृदय थांबलं.

चांगदेव पुन्हा फाटकाशी येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. पंधराव्या दिवशी तो आला. मिक्सर मांडला, पालक काढला, आणि बबनरावांनी हात पुढे केला तेव्हा म्हणाला, "क्रिएटिनिन किती?"

"अरे, ज्यूस मागतोय. सोयरीक जमवायला आलोय व्हय?"

"रिपोर्ट आणा. शुगर किडनी खाती, डाक्टरनं सांगितलंय. शुगरवाल्या कुणालाच रिपोर्टाबिगर न्हाई."

बबनराव रुसले, आठवडाभर वाट वाकडी करून दुसऱ्या फाटकाने आले. मग बायकोच्या धाकाने रक्त दिलं. मूत्रपिंडांचा तो आकडा दोनच्या वर, हवा त्याच्या दुप्पट निघाला. डॉक्टरांनी तेच पथ्य सांगितलं. बातमी कळली त्या सकाळी चांगदेव मिक्सर बंद करून थेट रेल्वे कॉलनीत, बबनरावांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. बबनरावांच्या पत्नी साखरबाई मेथी निथळत होत्या. पातेलं उचलून त्यांनी शेगडीवरच्या वरणाकडे वळवलं.

"वहिनी, मोरीत."

"आवं भावजी, सारं सत्त्व यातच हाय. तुमीच तर सांगत व्हता."

"व्हय. मोरीत वता."

साखरबाईंनी अर्धं ओतलं आणि सवयीने हात आवरता घेतला. चांगदेव हलला नाही. त्यांनी उरलेलं ओतलं. त्याने पातेलं त्यांच्या हातून घेतलं, विसळलं आणि तेही पाणी ओतलं.

दारातून बबनराव म्हणाले, "आता त्या भाजीत राहिलं काय?"

"काय न्हाई," चांगदेव म्हणाला. "खावा."