सत्यभामाताईची मागची जागा

पंडरी बाजारात सीटवाल्याच्या दुकानासमोर भाऊजींच्या बुलेटची जुनी लांब सीट फुटपाथवर उलटी पडली होती आणि तिच्यावर कुणीतरी चहाचे रिकामे ग्लास ठेवले होते. माझी थोरली बहीण सत्यभामा माझ्यासोबत ऑटोतून उतरली. तिने आधी ग्लास पाहिले, मग नागडी गाडी पाहिली.

"हे काय करून राहिले तुम्ही?"

भाऊजी, म्हणजे तिचे नवरे तुळशीराम, रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून रिटायर झालेले. कंबर धरते, पण बुलेट सोडायची नाही. म्हणून त्यांच्या मुलाने, अभिनवने, स्प्रिंगवाली सिंगल सीट बनवून द्यायचं ठरवलं होतं. आईला न विचारता.

"मम्मी, पापा की कमर के लिए है. और लुक देखो ना!"

"अन् मी कुठं बसू?"

"आपके लिए कार है ना."

दुकानदार सुशील तोंडात पान धरून हसला. "दीदी, इस उमर में भी पीछे चिपक के बैठना है क्या?"

बाजूला उभे असलेले दोघे-तिघेही हसले. ताईचे ओठ पांढरे पडले. ती काय बोलत नव्हती ते मला माहीत होतं, म्हणून माझं डोकं जास्तच तापलं.

भाऊजींना नीट ऐकू येत नाही. वॅगनच्या पत्र्यांवर सगळा जन्म घण घातले, त्यात कान गेले. त्यांच्या कारखान्यात एका बहिऱ्या मिस्त्रीची लोक फार टर उडवत. आपलं तसं होऊ नये म्हणून त्यांनी ताईकडून वचन घेतलं, पोट्ट्यालाही सांगायचं नाही. कानाचं मशीन नको. हे फक्त मला माहीत होतं. मग ताईने मागे बसून गाडी चालवायची आपली रीत काढली. मागून उजवीकडून कोणी येत असेल तर उजव्या खांद्यावर थाप, डावीकडून आलं तर डाव्या. शर्ट ओढला की गाडी हळू. भाऊजी तिच्या हातांनी रस्ता ऐकत. पारातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, लोकांना वाटे, म्हातारी नवऱ्याला बिलगून बसते. चौदा एप्रिलच्या रॅलीत पोरी मागून शिट्ट्या मारायच्या. ताई उलट हसायची, कारण खरं सांगण्यापेक्षा ते बरं होतं.

आणि आज भाऊजी मान खाली घालून स्प्रिंगा निवडत होते. जाड गुंडाळीची हातात घेत, तळव्याने दाबून बघत, परत ठेवत. मग केसाच्या आकड्यासारखी वाकवलेली उचलत. कातडं काळं की तपकिरी, तेही बोटाने दाखवत होते. शब्द कळले नसतील, पण बायकोचा चेहरा त्यांना दिसत होता. तरी त्यांनी तोंड उघडलं नाही. मला अभिनवचा राग आला, सुशीलचा आला, पण खरा राग या माणसाचा आला. ही बाई तुमच्यासाठी लोकांचं हसू झेलते, आणि तुम्ही कातड्याचा रंग बघता!

"ताई, मी सांगू का?" मी विचारलं.

"तू गप राय," ती म्हणाली. मग सुशीलकडे वळली. "लावा सीट. लावा अन् यायले एकट्याले चालवू द्या."

तिला वाटलं होतं, आता तरी हे बोलतील. सुशीलने नमुन्याची सीट कसली. भाऊजी बसले, स्प्रिंग खाली गेली, वर आली. त्यांनी किक मारली आणि निघालेच.

"अहो!" ताई ओरडली. ती हाक त्यांच्यापर्यंत पोचणारच नव्हती.

पुढच्या वळणावर त्यांनी मागे न बघता उजवीकडे गाडी घातली. मागून भरलेला मेटॅडोर हॉर्न दाबत येत होता. सगळा बाजार वळून बघत होता, फक्त भाऊजी नाही. मेटॅडोर ब्रेक करकचून त्यांच्या मागच्या चाकापाशी थांबला. ड्रायव्हर बाहेर डोकं काढून शिव्या देत राहिला. भाऊजी आरामात वळले आणि हसत परत आले.

"मस्त आहे. कमरेले दणका नाही लागत."

अभिनवचा चेहरा उतरला होता. "पापा, वो गाड़ी... आपने हॉर्न नहीं सुना?"

ताई नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यांना ओठ दिसावेत म्हणून हळू बोलली, पण प्रत्येक शब्द दातांतून आला. "तो मेटॅडोरवाला तुम्हाले काय म्हणत होता, सांगा पोराले. सांगा!"

भाऊजींनी मेटॅडोरकडे पाहिलं. ड्रायव्हर अजून हात उगारत होता. त्यांनी गाडी बंद केली आणि उतरले.

"मले ऐकू येत नाही रे," ते अभिनवला म्हणाले. "कारखान्यात होतो तेव्हापासून. तुझी माय मागं बसते म्हणून मी चालवतो."

अभिनव "मम्मी" म्हणत पुढे आला. ताईने त्याचा हात झटकला.

भाऊजी सुशीलकडे वळले. "मडगार्डवर मागं अजून एक सीट लाव. वेगळी, स्प्रिंगवाली. आधी हिची बनव."

सुशीलने पान थुंकलं. आता तो हसत नव्हता. "दीदी, स्प्रिंग नरम रखूँ कि कड़क?"

"कडक. अन् इतकी जवळ की माझा हात यायच्या दोन्ही खांद्यांवर पोचला पायजे." तिने जुन्या सीटवरचे ग्लास उचलून त्याच्या हातात दिले. "अन् हे घे तुझे."

अभिनवने आपल्या कारचं दार उघडून धरलं होतं. ताई त्याच्याकडे न बघता आमच्या थांबलेल्या ऑटोत जाऊन बसली. भाऊजी तिच्यामागे गेले आणि तिच्या शेजारी बसले. तिने तोंड फिरवलं. पण मागून बस आली, तेव्हा तिचा हात सवयीने त्यांच्या खांद्यावर पडलाच.