प्रामोरेल खाली उतरलं

मारिलेना गुस्मेरोलीला सरपंच व्हायचं नव्हतं. ती केस कापायची. प्रामोरेलमधल्या बायकांचे घरी स्वयंपाकघरात, आणि खालच्या वाल्फोंदा गावात भाड्याच्या दुकानात. पण निवडणुकीला कुणी उभंच राहीना, आणि कुणीच उभं राहिलं नाही तर सरकारी माणूस येऊन खुर्चीत बसणार, हे गावाला मानवेना. "सगळ्यांची डोकी तुझ्याच हातात असतात, तूच हो," असं म्हणत लोकांनी तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं.

सोंद्रिओ जिल्ह्यात पंचायती पुष्कळ. आद्दा नदीच्या काठाला भरलेली, द्राक्षमळ्यांची गावं. जसजसं वर जावं तसतशी ती लहान होत जातात, आणि म्हातारीही. प्रामोरेल अगदी वरचं. माणसं दीडशेच्या आतबाहेर, आणि डोक्यावर उभा कडा.

त्या कड्याची मारिलेनाला शाळकरी वयापासून धास्ती. सत्त्याऐंशी साली याच जिल्ह्यात, वरच्या खोऱ्यात, अख्खा डोंगर खाली आला होता. तेव्हा तिच्या वडिलांनी कितीतरी दिवस रेडिओ बंद होऊ दिला नव्हता. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. लग्न झालं, मुलगी मिलानला नोकरीला गेली, तरी पाऊस लागून राहिला की मारिलेनाचा घास तोंडातच फिरायचा.

त्या वर्षी ऑक्टोबरात पाऊस हटेना. रस्त्यावर दगड येऊ लागले. लुदोविका नावाची तरुण भूगर्भतज्ज्ञ आली, कड्यावर यंत्रं लावून गेली आणि चार दिवसांनी पंचायतीत येऊन बसली.

"कड्यावरची भेग रुंदावतेय," ती म्हणाली.

"पडेल?"

"पडेलही. नाहीही."

"कधी?"

"ते मी सांगितलं तर खोटं ठरेल, बाई."

"मग मी काय करायचं?"

लुदोविकाने मान खाली घातली. "गाव रिकामं करायचा आदेश सरपंचच काढतात. मी फक्त भेग मोजते."

मारिलेना घरी आली. नवऱ्याला, सिल्वानोला सांगितलं. तो दुधाचा टँकर चालवायचा, मोजकं बोलायचा.

"काढलास आणि नाही पडला, तर लोक हसतील," तो म्हणाला. "नाही काढलास आणि—"

"पुरे. पुढचं बोलू नकोस."

सकाळी तिने आदेश काढला. दुपारपर्यंत प्रामोरेल खाली उतरलं. म्हाताऱ्या, गाद्या, कोंबड्या, मांजरं, सगळं वाल्फोंदाच्या शाळेतल्या व्यायामशाळेत. दारात तिथला सरपंच आत्तिलिओ बोंजिओलात्ती उभा होता. दोन्ही पंचायती एक कराव्यात म्हणून तो वर्षानुवर्षं मागे लागला होता आणि प्रामोरेल त्याला दारातही उभं करत नव्हतं.

"या, या! तुम्हाला आमच्याकडे आणायला शेवटी डोंगरालाच ढकलावं लागलं की!" तो हसला. पण खाटा त्याने स्वतः लावल्या, आणि मक्याच्या पोलेंताचं पातेलं स्वतः ढवळलं.

पाऊस मात्र दुसऱ्याच दिवशी थांबला. लख्ख ऊन पडलं. आठवडा गेला, दुसरा लागला, कडा जागचा हलेना. व्यायामशाळेत कुजबुज सुरू झाली, मग कुजबुजीचं बोलणं झालं.

"सरपंचबाईंनी अख्ख्या गावाची हजामत केली," एक जण म्हणाला.

"तीही बिनपाण्याची!" दुसऱ्याने जोडलं.

म्हातारी इनेस तिच्या तोंडावर म्हणाली, "माझी कोबी सडली गं वर. तुझी भीती तू तुझ्या घरात ठेवायची होतीस. आमच्या डोक्यावर कशाला थापलीस?"

 मारिलेना खिडकीपाशी गेली, कड्याकडे बघत राहिली, आणि तिच्या मनात आलं, पड की रे एकदाचा. स्वतःच्या या विचाराने ती इतकी दचकली की तिने खिडकीची चौकट घट्ट धरली.

त्याच दिवशी जेवणाच्या वेळी कळलं, एजिदिओ काका खाटेवर नाहीत. सिल्वानोचे चुलते, ऐंशी ओलांडलेले, शेळ्या पाळणारे; त्या शेळ्या वर कुरणातच राहिलेल्या. कुठे गेले असतील हे विचारायची गरजच नव्हती. सिल्वानो टँकर घेऊन दूर गेलेला. रस्त्यावरच्या पोलिसाला "दहा मिनिटांत येते" असं खोटं सांगून ती एकटीच गाडी घेऊन वर गेली. वळणावळणावर तिची नजर काचेतून वर जायची.

काका दारात बसून चेस्टनट सोलत होते.

"काका, चला."

"कुठे? त्या शाळेत? रात्रभर पन्नास जण घोरतात तिथे."

"कडा पडला तर?"

"पडला तर पडला. बापाने बांधलंय हे घर. तू कोण मला बाहेर काढणार? केस काप जा."

"काका, मला खूप भीती वाटतेय हो."

"मग इथे कशाला आलीस, वेडे?"

वर कुठेतरी एक दगड सुटला, टप् टप् करत झाडीत गेला. काकांनी सोलणं थांबवून वर बघितलं.  मारिलेना वळली, घरामागे कुरणालगतच्या गोठ्याचं दार सताड उघडलं आणि शेळ्या रस्त्यावर हाकलल्या. "हुर्र! चला गं बायांनो!" गोठ्यापाशी लावलेली गाडी तिथेच टाकून ती त्यांच्यामागे पळत सुटली.

"अगं ए चोरटे! माझ्या शेळ्या!" शिव्यांची लाखोली वाहत, काठी उगारत काका मागून येत राहिले, थेट वाल्फोंदापर्यंत.

नंतर तीन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी भर दुपारी आवाज झाला. गडगडाट नव्हे, लांबलेला, खोल घरघराट. खोऱ्यात धूळ भरली. मारिलेना व्यायामशाळेत वेड्यासारखी धावत एकेकाला हात लावत सुटली. इनेस, सिल्वानो, काका. सगळे होते.

धूळ बसल्यावर दिसलं: दगड गावाच्या वरच्या कडेलाच थांबले होते. वरचं कुरण गेलं होतं, शेळ्यांचा गोठा आणि तिची गाडी गेली होती. काकांच्या घराची एक खिडकी तेवढी फुटली होती.

"बघ, घर उभं आहे!" काका ओरडले. "मी आत बसून मजा बघितली असती."

"दुपारी तुम्ही गोठ्यात असता, काका," सिल्वानो म्हणाला.

काका शेळ्यांना चारा टाकायला गेले.

लोकांना वाटलं, आता सरपंचबाई सुटल्या. पण खरी परीक्षा पुढे होती. खाली आणणं सोपं होतं. परत वर पाठवायचं कुणाच्या भरवशावर? लुदोविका म्हणाली, "धोका कमी झालाय, संपलेला नाही." मारिलेना ते वाक्य घेऊन महिनाभर तळमळत राहिली. नाताळच्या आधी तिने परवानगी दिली.

काका शेळ्या घेऊन वर गेले, पण सगळे परतले नाहीत. मुलंबाळं असलेली घरं खालीच राहिली. तिथे शाळा होती, दवाखाना होता, डोक्यावर कडा नव्हता. डोंगराने शाबूत सोडलेलं गाव आपणच रिकामं केलं, ही सल तिला लागली. पुढच्या वसंतात दोन पंचायती एक करण्याचा ठराव तिनेच मांडला. इनेसने विरोधात मत दिलं आणि मग तिच्याकडूनच केस कापून घेतले.

आता सरपंच आत्तिलिओ. मारिलेनाचं वाल्फोंदातलं दुकान रोज उघडं असतं. पण पाऊस लागून राहिला की ती कात्री खाली ठेवते आणि फोन लावते.

"काका, उतरताय ना?"

"तू आता सरपंच नाहीस. हुकूम सोडू नकोस."

"हुकूम नाही हो. पाया पडते."

"बघतो," म्हणून काका फोन ठेवतात. गिऱ्हाईक ओल्या केसांनी खुर्चीत थांबतं, आणि मारिलेना दारात उभी राहून वरून येणाऱ्या रस्त्याकडे बघत राहते.