साहेबाचं उरलंसुरलं

मी राहतो ते घर कागदोपत्री माझं आहे, कोर्टाचा शिक्काही आहे. पण ते माझं नव्हे. ते खालाचं.

पिंपरीला कारखाने नुकते उभे राहत होते तेव्हाची गोष्ट. आमचा साहेब परदेशातून यंत्रं बसवायला आला आणि चिंचवडला छोटं घर बांधून राहिला तो राहिलाच. मी कारखान्यात त्याचा कारकून. खाला त्याचं घर सांभाळायची. स्वयंपाक, पथ्यपाणी आणि साहेबाची चिडचिडसुद्धा. मागच्या दाराची कडी तिच्यासाठी कधी लावलेली नसायची. तिचा नवरा, म्हणजे चाचा, हमरस्त्यावर मोटारी दुरुस्त करायचा. गॅरेजमागच्या पत्र्याच्या खोपटात दोघं राहायची आणि जागामालक उठसूट ‘खाली करा’ म्हणायचा.

साहेबाच्या छातीत दुखायला लागलं, तसं त्यानं मृत्युपत्र करायचं ठरवलं. त्याच्या देशातली मालमत्ता तिकडच्या मृत्युपत्रात पुतण्याच्या नावे आधीच लिहिलेली होती. इथल्यापुरतं वेगळं करायचं होतं. पुण्याच्या वकिलानं मसुदा केला. घर खालाला, बाकी उरलंसुरलं मला. उरलंसुरलं म्हणजे काय, तर सायकल, टेबल, पुस्तकं. वकिलानं मला बजावलं, ज्याला काही मिळतंय त्यानं साक्षीदार व्हायचं नाही. नवराबायकोचं तो काही बोलला नाही. की बोलला आणि मी ऐकलं नाही, देव जाणे.

एक साक्षीदार कारखान्याचा डॉक्टर झाला. दुसरा आळीतून आणू म्हटलं, तर नेमके पितर सुरू! “न्हाई राव, साहेब मानूस चांगला हाय, पर जित्या मानसाच्या मरनाच्या कागदावर सही? आन ती बी पितरांत?” प्रत्येक दारात हेच. शाळेचे मास्तर तर मला बघूनच ‘पोटात कळ आली’ म्हणत पोट धरून बसले. शिकलेले ना! माझं डोकंच फिरलं. पितर सरेपर्यंत थांबलो असतो तर काय आभाळ कोसळणार होतं? पण साहेबाला धीर नव्हता, आणि मला तर त्याहून नव्हता.

मग मीच गॅरेजवर गेलो. “चाचा, तुम्हाला काही पितरबितर नाहीत ना?” चाचा हसला, हात पुसले आणि आला. कागदात त्याला कुठं काय मिळत होतं! सही झाल्यावर खालानं सगळ्यांना चहा दिला. स्वतःच्या हुशारीवर मी किती खूश होतो म्हणून सांगू!

साहेब हिवाळ्यात गेला. वकिलानं सह्या पाहिल्या, चाचा कोण ते विचारलं आणि कपाळाला हात लावला. साक्षीदाराच्या बायकोलाही काही घेता येत नाही. आपल्या हिंदूंना ही अट नाही म्हणे, पण साहेब ख्रिस्ती, त्याला होती. मृत्युपत्र खरं, पण खालाला दिलेलं घर तेवढं रद्द. मग ते जाणार कुठं? उरल्यासुरल्यात. म्हणजे माझ्याकडे.

“खाला, मी घर तुमच्या नावावर करून देतो,” मी म्हटलं. मनापासून म्हटलं हो, शप्पत! ती म्हणाली, “तुम्ही द्याल भाऊ, मला माहीत आहे.”

आम्ही तेव्हा सगळे एका खोलीत, त्यात बायको बाळंतीण. म्हटलं, साहेबाच्या घरात एवढा पावसाळा काढू, मग देऊ. मग मुलांची शाळा आली, मग आईचं आजारपण. कारणांना काय तोटा! लाज वाटायची, पण घर काही सुटलं नाही. चाचा भेटला की स्वतःच्याच हाताला शिव्या घालायचा, ‘या हातानं बायकोचं घर घालवलं’ म्हणायचा. त्याला गॅरेजवरून बोलावून आणणारा मी, पण ‘चाचा, चूक तुमची नाही’ एवढंही माझ्या तोंडून कधी निघालं नाही.

ईदला खाला शिरखुर्मा घेऊन यायची. मागचं दार मी मुद्दाम उघडं ठेवायचो. ती वळसा घालून पुढच्या दाराशी यायची, कडी वाजवायची आणि बाहेरच उभी राहून विचारायची, “भाऊ, आत येऊ का?”